दसरा ते दिवाळी: लेक लेनिअरवरचा बास नेमका जातो कुठे?

लेनिअरकाठचा

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की मला ओळखीच्यांचे एकाच धाटणीचे मेसेज येतात, सगळे जॉर्जियातल्या लेनिअर जलाशयाबद्दल आणि तिथल्या बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाबद्दल. "सांगितल्याप्रमाणे क्रीकच्या पार टोकाला गेलो. शॅडचे थवे डोळ्यांनी पाहिले. दिवसभर गळ टाकला, पण बास एकही नाही. काय चुकलं?" प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच नीट धागा काढतो. मी अटलांटाच्या उत्तरेला राहतो, बारा वर्षं लेनिअरवर मासे पकडतोय, आणि दसरा ते दिवाळी हा माझा वर्षातला सगळ्यात आवडता काळ आहे.

आधी नेहमीचा नियम सांगतो, कारण तो खोटा नाही. दक्षिणेकडच्या बहुतेक मोठ्या जलाशयांत बासचं मुख्य खाणं म्हणजे थ्रेडफिन शॅड. बोटाएवढा, चंदेरी, थव्याने राहणारा मासा. उन्हाळ्यात हे थवे मोकळ्या पाण्यावर पसरलेले असतात. रात्री गार व्हायला लागल्या, वरचं पाणी ८० फॅरनहाइटच्या खाली उतरून सत्तरीत आलं, की ते जलाशयाच्या फाट्यांमधून आत आत सरकतात, थेट मूळ ओढा जिथे येऊन मिळतो तिथवर. बास त्यांच्या मागोमाग. म्हणून सगळे सांगतात, "शरदात फुगवट्याचं टोक गाठा."

लेनिअरवर मात्र अर्धा डाव वेगळा आहे. इथे शॅडबरोबर ब्लूबॅक हेरिंग आहे. हा मूळचा अटलांटिक किनाऱ्याचा मासा, समुद्रातून नद्यांत चढणारा. इथल्या जलाशयांत तो माणसाने आणला. हार्टवेल आणि क्लार्क्स हिल या जलाशयांवरही हीच गोष्ट. हेरिंगला गार आणि मोकळं पाणी लागतं. तो शॅडसारखा ओढ्याच्या गढूळ, उथळ टोकाला गर्दी करत नाही. आणि लेनिअरवर ज्याची संख्या सगळ्यात जास्त, तो स्पॉटेड बास हेरिंगच्या मागे असतो. तुम्ही टोकाला शॅड पाहून खूश होता, तेव्हा मोठा बास तुमच्या पाठीमागे तीन मैलांवर, साठ फूट पाण्यालगतच्या एखाद्या सोंडेवर हेरिंगची वाट अडवून बसलेला असतो.

सोंड हा शब्द मी मुद्दाम वापरतो. इथे तिला पॉइंट म्हणतात. पण लेनिअरचा तळ म्हणजे बुडालेला डोंगराळ मुलूख आहे, चॅटाहूची आणि चेस्टाटी या दोन नद्यांचं खोरं. सह्याद्रीत किल्ला चढताना आपण ज्या सोंडेवरून जातो, तीच पाण्यात उतरली आहे असं समजा. दोन टेकड्यांमध्ये खिंड असते, तशी इथे पाण्याखालीही आहे. ज्याने डोंगर पायांनी पाहिलेत, त्याला हा नकाशा पटकन कळतो. सोंड जिथे एकदम खोल कोसळते त्या कडेला, १५ ते ३० फुटांत, लोकांनी वर्षानुवर्षं झाडोरा बुडवून ठेवलाय. बास त्या झाडोऱ्यावर थांबतो आणि वरून हेरिंग गेला की उसळी मारतो. पाणी इतकं नितळ असतं की २५ फुटांवरून तो सरळ पृष्ठभागापर्यंत येतो.

गेल्या वर्षी कोजागिरीनंतरच्या शनिवारची सकाळ सांगतो. धरणाच्या बाजूचा, म्हणजे दक्षिणेकडचा भाग. पाणी ७१, वारा नुसती लव हलेल इतपत. सात-साडेसातला सोंडेच्या टोकापासून पन्नास-साठ फूट लांब बोट थांबवली, ट्रोलिंग मोटर अगदी मंद. हातात झारा स्पूकसारखं वर तरंगणारं लांबट आमिष. रॉडचं टोक खाली, दोरीला थोडी ढील, मनगटाने बारीक हिसके. आमिष साप पोहतो तसं नागमोडी येतं. पहिल्या फेकीत काही नाही. दुसऱ्या फेकीत आमिषाच्या मागे पाणी फुगलं, जणू खालून कुणी पाट उचलला, आणि पुन्हा सपाट झालं. इथेच बहुतेकांचं चुकतं: पाणी हललं की हात आपोआप वर जातो आणि आमिष बासच्या तोंडासमोरून निघून येतं. मी हिसके तसेच चालू ठेवले. चार हिसक्यांनंतर आमिष दिसेनासं झालं. आवाजसुद्धा आला नाही. दोरीला वजन लागलं तेव्हाच रॉड उचलला. साडेतीन पाउंडाचा स्पॉट, म्हणजे स्पॉटेड बास, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी दोघे तिघे त्याच्या तोंडातलं ओढायला आलेले. नितळ पाण्यात सगळं दिसत होतं. फोटोसुद्धा न काढता सोडला आणि पुढची फेक टाकली, कारण असा खेळ एका सोंडेवर दहा मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच, की महिना बघून जागा ठरवू नका. तुमच्या जलाशयात बासचं खाणं कोणतं आणि ते आज कुठे आहे, ते आधी शोधा. आकाशात सीगल घिरट्या घालत असतील, तर त्यांच्या खाली बघा. फाट्याच्या टोकाला निळा बगळा काठावर एकटक उभा असेल, तर तिथे शॅड आहे. सकाळचा पहिला तास मी काहीच न फेकता नुसता बघण्यात घालवतो, आणि तो वाया गेला असं कधी झालं नाही.

स्वानीची_नवशिकी

दादा, किती मनापासून लिहिलंय! वाचनखूण साठवली. आमच्याकडे बोट नाही आणि इतक्यात घेणारही नाही. माझी नऊ वर्षांची लेक मात्र हट्टाला पेटली आहे. शाळेतल्या मैत्रिणीने मासा पकडला म्हणून हिलाही पकडायचाय. काठावरून काही जमेल का? कोणती काठी, कोणती दोरी, लायसन्स लागतं का, हे सगळं अगदी पहिलीच्या पोराला सांगावं तसं सांगाल? आणि सासूबाईंचा प्रश्न: हा मासा खातात का?

लेनिअरकाठचा

ताई, नक्की जमेल. उलट शरदात काठावरून पकडणाऱ्याला संधी जास्त असते.

लायसन्स जॉर्जियात १६ वर्षांपासून पुढे लागतं. लेकीला नको, तुम्हाला हवं. राज्याच्या वन्यजीव खात्याच्या साइटवर पाच मिनिटांत मिळतं. सोबतची नियमपुस्तिका उतरवून घ्या. कोणत्या जलाशयात किती लांबीचा, किती मासे ठेवता येतात ते तिच्यात दिलेलं असतं आणि ते सगळीकडे एकसारखं नसतं.

साडेसहा फुटांचा स्पिनिंग रॉड, मध्यम ताकदीचा. रीलवर आठ पाउंडाची दोरी. तीन इंची मऊ रबरी मासा, पाव औंसाचं शिसाचं डोकं असलेल्या गळावर ओवलेला. बस. दुकानात भिंतभर आमिषं बघून गोंधळू नका. लांब फेकायचं, मनात दहा आकडे मोजत बुडू द्यायचं, मग एका लयीत हळू गुंडाळत आणायचं. पुढच्या फेकीला पंधरा मोजायचे. ज्या आकड्याला मासा लागेल, तोच आकडा दिवसभर धरायचा. मुलांना हा मोजण्याचा खेळ फार आवडतो. लेकीला एक गोष्ट पहिल्या दिवशीच शिकवा: फेकण्याआधी मागे वळून बघायचं, मागे कुणी उभं नाही ना. गळ डोळ्याला लागणं फार वाईट.

जागा: कमिंगचं मेरी ॲलिस पार्क, किंवा धरणाशेजारचं बफर्ड डॅम पार्क. काही पार्क हंगाम संपला की बंद होतात, म्हणून निघण्याआधी बघून घ्या. काठावरून फेकताना मैदानासारखा सपाट किनारा टाळा. जिथे खडक आहेत किंवा किनारा एकदम खोल उतरतो, तिथे उभ्या राहा.

खाण्याबद्दल: खातात. मांस पांढरं, काटा मोजका, रवा लावून तव्यावर छान होतो. पण जलाशयातला मोठा, म्हातारा बास शिकारी मासा असल्याने त्याच्या अंगात पारा साठत जातो. राज्य सरकार कोणत्या पाण्यातला कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा याचं कोष्टक काढतं, ते बघूनच खा. लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी तर नक्कीच. मी स्वतः मोठे सगळे सोडतो.

हंट्सव्हिलकर

धागा छान. पण हे सगळं तुमच्या नितळ, खोल तळ्याला लागू. आमच्या गंटर्सव्हिलला लावायला गेलं तर माणूस उपाशी परत येईल.

गंटर्सव्हिल म्हणजे अलाबामात टेनेसी नदीवरचं टीव्हीएचं (टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या सरकारी संस्थेचं) धरण, १९३९ सालचं. क्षेत्र जवळजवळ ६९,००० एकर, म्हणजे लेनिअरच्या पावणेदोन पट, पण बहुतांश उथळ. आणि पाण्यात गवतच गवत: हायड्रिला, मिलफॉइल. उन्हाळाभर हे गवत वाढून सप्टेंबरपर्यंत पृष्ठभागावर आडवं होतं आणि त्याची सतरंजी तयार होते. हेरिंग वगैरेचा इथे प्रश्न नाही. बास त्या सतरंजीखालच्या सावलीत असतो आणि तिथले ब्लूगिल नावाचे छोटे मासे खातो.

आमच्याकडे शरदात कानांनी मासे शोधायचे. सकाळी मोटर बंद करून गवताजवळ नुसतं बसा. ब्लूगिल गवताच्या खालच्या बाजूचे किडे टिपतात, तेव्हा 'टप, टप' असा बारीक आवाज येतो, कढईत मोहरी तडतडते तसा. जिथे आवाज दाट, तिथे फेकायचं. आवाज नसेल, तर सतरंजी कितीही सुंदर दिसली तरी पुढे जायचं. जुन्या, सडायला लागलेल्या गवतावर फेसासारखा पिवळट थर येतो. ती जागा सोडू नका.

आमिष एकच: पोकळ रबरी बेडूक. गळाची टोकं पाठीला चिकटलेली असल्याने तो गवतात अडकत नाही. रॉड जाड, सव्वासात फुटांचा. दोरी ६५ पाउंडाची विणलेली. एवढी जाड कशाला असं बायको विचारते. पण चार पाउंडाचा बास दहा पाउंड गवत डोक्यावर घेऊन येतो तेव्हा तिला उत्तर मिळतं. गवताला भोक पाडून बास बेडूक ओढतो, त्या क्षणी थांबायचं. मी "एक विठ्ठल, दोन विठ्ठल" म्हणतो आणि मग सगळी ताकद लावून खेचतो.

आणखी एक गोष्ट: पाण्याचा प्रवाह. टीव्हीए वीज बनवायला धरणातून पाणी सोडतं, तेव्हा आख्ख्या जलाशयात नदीसारखी ओढ लागते आणि पुलांच्या खांबांजवळ, गवताच्या प्रवाहाकडच्या कडेला बास खायला सरसावतो. पाणी किती वाजता सोडणार ते त्यांच्या ॲपवर आदल्या दिवशी कळतं. मी ऑफिसची रजा त्या वेळापत्रकाप्रमाणे टाकतो.

अभिमानाने सांगतो, बास पकडण्याची मोठी स्पर्धा, १९७६ चं बासमास्टर क्लासिक, आमच्याच पाण्यावर झालं होतं आणि नावाजलेला स्पर्धक रिक क्लन ते पहिल्यांदा जिंकला तो इथेच.

भीमाकाठ

मी इंदापूरकडचा, सध्या पुण्यात. बास कधी पाहिलाही नाही, पण धागा एका बैठकीत वाचला. उजनीच्या काठावर आमचं बालपण गेलं. चुलते पहाटे होडी घेऊन जाळी काढायला जायचे. त्यांचंही म्हणणं हेच, की आधी पाणकावळे कुठे बुड्या मारतात ते बघ.

दोन प्रश्न. थंडी सुरू होताना आमच्याकडे कधी कधी सकाळी पाण्याला सडका वास येतो, पाणी मातकट हिरवं होतं आणि मासा जाळ्याला लागत नाही. तुमच्याकडेही असं होतं का, आणि का होतं? दुसरं, तुमच्या जलाशयाखालीही गावं असतील ना? आमचं पळसदेवचं देऊळ उजनीत आहे. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी उतरलं की शिखर वर येतं आणि म्हातारी माणसं होडीने दर्शनाला जातात.

लेनिअरकाठचा

दादा, वासाबद्दल तुम्ही अगदी नेमकं विचारलंत. लेनिअरवर मी ज्याला सगळ्यात घाबरतो ती हीच वेळ.

उन्हाळ्यात खोल जलाशयाच्या पाण्याचे दोन थर पडतात. वरचं उबदार आणि हलकं, खालचं गार आणि जड. मधे एक पातळ पट्टा असतो, तिथे तापमान झपाट्याने उतरतं. खालच्या पाण्याला महिनोन्‌महिने हवा लागत नाही, तळाशी पाला कुजत राहतो, त्यामुळे तिथला प्राणवायू संपतो आणि सडक्या अंड्यासारखा वास असलेला वायू साठतो. शरदात वरचं पाणी रोज थोडं गार, थोडं जड होत खाली जातं. पट्टा खोल खोल ढकलला जातो. शेवटी वरचं आणि खालचं पाणी सारख्याच वजनाचं झालं की एखाद्या वादळी दिवशी सगळं ढवळून निघतं. तुम्ही पाहता तो मातकट रंग, तो वास, पाण्यावरचा न विरणारा फेस, हे सगळं तेच. इंग्रजीत टर्नओव्हर म्हणतात. लेनिअर धरणाजवळ दीडशे फुटांच्या आसपास खोल आहे, म्हणून इथे ते बऱ्याच उशिरा, नोव्हेंबर सरताना किंवा डिसेंबरात पूर्ण होतं; फाट्यांच्या उथळ भागात आधी. आठवडाभर मासे सैरभैर होतात. अशा वेळी मी धरणाकडचा भाग सोडून चॅटाहूचीच्या वरच्या अंगाला जातो, कारण वाहत्या पाण्यात असे थर धडपणे पडलेलेच नसतात. हंट्सव्हिलकरांच्या गंटर्सव्हिलला हा त्रास जवळपास नाही, ते याचमुळे: उथळ पाणी आणि कायम ओढ.

गावांबद्दल. हो, आहेत. बफर्ड धरण १९५६ साली पुरं झालं. लष्कराच्या अभियंता दलाने शेतकऱ्यांच्या जमिनी विकत घेतल्या, कबरस्तानं हलवली. गेन्सव्हिलजवळ मोटारींच्या शर्यतीचं मैदान होतं, लूपर स्पीडवे. २००७ च्या मोठ्या दुष्काळात पाणी वीस फूट खाली गेलं, तेव्हा त्याच्या प्रेक्षकांच्या सिमेंटच्या पायऱ्या वर आल्या. मी त्या फोटोंतच पाहिल्या आहेत. आणि ऑस्करव्हिल नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. पण तिचं दुःख धरणाच्या कितीतरी आधीचं. १९१२ साली फोर्साइथ काउंटीतून जवळपास सगळ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना, हजाराहून अधिक माणसांना, मारहाण करून, जाळपोळ करून हाकलून दिलं. त्या परिसराचा काही भाग पुढे पाण्याखाली गेला. त्या बाजूला बोट नेतो तेव्हा मी मोटर मंद करतो. मासे असतात म्हणून नव्हे. आपल्याकडे धरणग्रस्त हा शब्द ज्याने घरात ऐकलाय, त्याला अशा पाण्यावरून भरधाव जाववत नाही.

भीमाकाठ

हे माहीत नव्हतं. मनापासून धन्यवाद. आमच्याकडे आता जाळ्यात नुसता चिलापी येतो, तोही बाहेरून आणलेलाच मासा. मरळ आणि वाम पूर्वीसारखे राहिले नाहीत असं चुलते म्हणतात.

जुना_नावाडी

बाहेरून आणलेल्या माशाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. लेनिअरवर सगळे ज्याला कौतुकाने 'स्पॉट' म्हणतात, तो खरं तर अलाबामा बास आहे. २००८ पासून शास्त्रज्ञ त्याला स्वतंत्र जात मानतात. तो मोबाइल नदीच्या खोऱ्यातला, चॅटाहूचीचा नव्हे. इथे तो आणला गेला, प्रचंड वाढला, आणि जिथे जातो तिथे स्थानिक बासशी त्याचा संकर होतो. मलाही तो पकडायला आवडतो, तो लार्जमाउथ या दुसऱ्या जातीच्या बासपेक्षा चिवट झुंजतो. पण कृपा करून एका पाण्यातला मासा जिवंत पकडून दुसऱ्या पाण्यात सोडू नका. 'आपल्या तळ्यातही असावा' या हौसेने लोकांनी फार नुकसान केलंय.

दुसरं, सोडण्याबद्दल. मासा सोडला म्हणजे तो जगला असं नाही. काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या हौशी स्पर्धेला गेलो होतो. सप्टेंबरचा पहिला आठवडा, पाणी अजून ८४. वजन करायची रांग लांब, पिशवीत पाणी कमी, बर्फ नाही, हवेचा पंप नाही. वजन झाल्यावर मासे पाण्यात सोडले, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच रॅम्पवर बोट उतरवली, तर खाडीच्या कोपऱ्यात सतरा मासे पोट वर करून तरंगत होते. मी ते मोजले. त्यांतला एक माझा होता; शेपटीला जुनी जखम होती म्हणून ओळखला. त्या दिवसापासून पाणी ७५ च्या खाली उतरेपर्यंत मी स्पर्धेला जात नाही.

बासमास्टर स्पर्धा सुरू करणाऱ्या रे स्कॉटने १९७२ मध्ये आपल्या स्पर्धांत मासे जिवंत सोडायचा पायंडा पाडला, त्याआधी पकडलेले सगळे मारले जायचे. एवढी मोठी गोष्ट त्या माणसाने केली. ती नीट पाळणं आपल्या हातात आहे. ओल्या हातांनी धरा. मोठा मासा फक्त जबड्याला धरून उभा लोंबकळवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या. आणि ३०-३५ फुटांच्या खालून बास वर ओढला, तर त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि सोडल्यावर त्याला खाली जाता येत नाही. पोट फुगलेले मासे येऊ लागले की ती जागा सोडा.

ह्यूस्टनकर_काका

वा, नावाडी, अगदी माझ्या मनातलं. आमच्या टेक्सासमध्ये मोठा बास जगवण्यावरच सगळी मदार आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये लेक फोर्कवर मार्क स्टीव्हन्सन नावाच्या गाइडला १७.६७ पाउंडाची मादी लागली. तेव्हाचा राज्याचा विक्रम. त्याने ती मारली नाही, जिवंत ठेवली. तिचं नाव एथेल. पुढे कित्येक वर्षं ती मिझुरीतल्या एका मोठ्या दुकानाच्या काचेच्या टाकीत होती आणि लोक तिला बघायला यायचे. त्याच वर्षी राज्याने शेअरलंकर योजना सुरू केली: १३ पाउंडांच्या वरची मादी प्रजननासाठी खात्याला द्यायची आणि पिल्लं जलाशयांत सोडायची. फोर्कवर आजही १६ ते २४ इंचांमधला बास ठेवता येत नाही, आणि २४ च्या वरचा दिवसाला एकच.

माझं स्वतःचं तळं सॅम रेबर्न, ह्यूस्टनहून अडीच तास. १,१४,००० एकर. शरदात तिथे पाणी बऱ्याचदा खाली गेलेलं असतं, हायड्रिलाची कड आठ-दहा फुटांत असते. लिपलेस क्रँकबेट, म्हणजे पोटात छर्रे असलेला खुळखुळणारा चपटा मासा, त्या गवताला घासत आणायचा. अडकला की झटका देऊन सोडवायचा. सुटतो त्याच क्षणी बास घेतो, दहांपैकी आठ वेळा. लाल रंग आमच्याकडे फेब्रुवारीचा, ऑक्टोबरात चंदेरी.

लेनिअरकाठचा, तुम्ही लाइव्हस्कोप, म्हणजे पाण्याखालचा मासा पडद्यावर थेट दाखवणारं सोनार, वापरता का? २०१८ ला ते आलं आणि माझ्या गटातले निम्मे लोक आता पाण्याकडे बघतच नाहीत, पडद्याकडे बघतात.

लेनिअरकाठचा

काका, वापरतो. नोव्हेंबरात हेरिंग चाळीस फुटांवर गेला की त्याशिवाय आंधळ्यासारखं होतं. बास झाडोऱ्यातून निघून आमिषामागे येताना पडद्यावर दिसतो आणि तो कधी वळतो तेही कळतं. त्यातून मी पुष्कळ शिकलो. उदाहरणार्थ, मला वाटायचं सोंडेवर मासा नाही; तो असतो, पण दहापैकी सात वेळा आमिषापर्यंत येऊन परत जातो. पण टॉपवॉटरच्या, म्हणजे वर तरंगणाऱ्या आमिषाच्या, सकाळी मी तो बंद ठेवतो. डोळे पाण्यावर हवेत.

हंट्सव्हिलकर

आमच्या गवतात तो पडदा काही कामाचा नाही. कान वापरा.

जुना_नावाडी

एक राहिलं. नोव्हेंबरात हवा ७० असली तरी पाणी साठीच्या आत आलेलं असतं आणि पहाटे रॅम्पवर दव पडून बोटीच्या पाट्या निसरड्या होतात. एकटे जाणाऱ्यांनी लाइफ जॅकेट अंगात घालूनच मोटर सुरू करावी. जॉर्जियात १३ वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत ते घालणं कायद्याने बंधनकारक आहे. मोठ्यांनीही घालावं. गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, भलाभला पोहणाराही पाणी पितो. मी एकदा पडलोय. जॅकेट होतं म्हणून हे लिहितोय.

स्वानीची_नवशिकी

तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे आभार मानायचेत.

पहिले दोन रविवार काहीच लागलं नाही. लेक रडकुंडीला आली. काल भाऊबीज म्हणून माझा भाऊ शार्लटहून आला होता, त्यालाही ओढून नेलं. धरणाच्या बाजूलाच खडकाळ काठ आहे, तिथे उभ्या राहिलो. साडेपाचला ऊन उतरलं आणि समोर पन्नास फुटांवर पाणी अचानक उकळल्यासारखं झालं. लेकच ओरडली, "आई, पक्षी!" सहा-सात सीगल तिथेच घिरट्या घालत होते. ती दहा मोजायची होती. घाईत चारच मोजले आणि गुंडाळायला लागली. रॉड वाकला. भाऊ धरायला धावला तर तिने त्याला हात लावू दिला नाही.

मोजला: साडेतेरा इंच. पाठीवर हिरवट गर्द नक्षी, पोटाकडे ठिपक्यांच्या ओळी, जिभेवर बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. हा स्पॉटच ना? हात ओले करून धरला, फोटो एकच काढला. सोडताना तो क्षणभर तिच्या तळहातावर तसाच थांबला, मग शेपटी मारून गेला आणि तिचा फ्रॉक भिजला.

आता ती विचारतेय, चारला का लागला, दहाला का नाही?

लेनिअरकाठचा

स्पॉटच. जिभेवरचा खरखरीत ठिपका ही त्याची खूण.

आणि लेकीला सांगा, तिने बरोबर केलं. मासे वर आले होते, म्हणून चार. पुढच्या रविवारी पक्षी नसले तर पंधरापासून सुरू करायचं. मी शनिवारी त्याच बाजूला आहे. बोटीत दोघींना जागा आहे, आणि लहान मापाचं जॅकेट माझ्याकडे आहे.